कल्हई आणि मुलामा

प्लायवूडच्या दुकानात विचारला जाणारा सगळ्यात निरुपयोगी प्रश्न म्हणजे, "वॉटरप्रूफ आहे ना?" याचं उत्तर कायम "हो" असतं. दुकानदार खोटं बोलतो असंही नाही. पाणी किती वेळ लागणार, थंड की उकळतं, रोज की वर्षातून एकदा, हे आपण सांगितलेलंच नसतं. मग "हो" म्हणायला त्याचं काय जातं?

शीटवर छापलेलं असतं ते मात्र नेमकं असतं. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचं प्लाय. त्यातला एमआर हा प्रकार हवेतला दमटपणा सोसतो; बाजारात त्याला 'कमर्शियल' म्हणतात. बीडब्ल्यूआर त्याच्या वरचा, स्वयंपाकघरासाठी बरा. आयएस ७१० म्हणजे 'मरीन'. याचा तुकडा ७२ तास पाण्यात उकळून मग थरांची पकड तपासतात. फरक मुख्यतः थर जोडणाऱ्या ग्लूचा असतो, आतल्या लाकडाला त्याने अमरत्व येत नाही. कोरड्या खोलीतल्या पुस्तकांच्या शेल्फला एमआर पुरतं. तिथे मरीन लावणारा माणूस लाकडापेक्षा स्वतःच्या भीतीचे पैसे मोजत असतो.

कारण शेल्फचं खरं संकट पाणी नसतं, वजन असतं. एका फुटात साधारण आठ ते दहा किलो पुस्तकं बसतात. पुस्तकांनी भरलेली फळी मधोमध किती वाकेल हे लांबीच्या चौथ्या घातावर ठरतं. तीन फुटांची फळी दोन फुटांवर आणली की वाक पाचव्या हिश्श्यावर येतो. जाडीचं गणित तिसऱ्या घाताचं आहे: १९ मिमीच्या जागी १२ मिमी वापरलं तर वाक चौपट. वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीच्या दिशेने जायला हव्यात, आडव्या गेल्या तर ताकद घटते. शिवाय लाकूड सततच्या भाराखाली वर्षानुवर्षं थोडं थोडं वाकतच राहतं, त्यामुळे आज सरळ दिसणारी तीन फुटी फळी पाच वर्षांनी हसायला लागते. मी १९ मिमी एमआर घेतलं आणि दर दोन फुटांवर उभा आधार ठेवला. याच्या पलीकडे फार डोकं चालवायची गरज नव्हती.

इथवर इंजिनिअरिंग. घोळ पुढे सुरू होतो, कारण प्लाय विकत घेताना त्याच्या आत काय आहे हे दिसत नाही.

प्लाय बनतं कसं, हे एकदा सांगून टाकतो. ओंडका गोल फिरवत ठेवतात आणि लांबलचक पात्याने त्याचा सलग पातळ पापुद्रा काढतात, शार्पनरमध्ये पेन्सिल फिरवल्यासारखा. हे पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे रचून, मध्ये ग्लू लावून, गरम दाबाखाली चिकटवतात. थरांची संख्या विषम असते, म्हणजे मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना सारखी मांडणी होते आणि शीट कुठल्याच बाजूला ओढली जात नाही. दोन्हीकडचे सगळ्यात वरचे थर चांगले, अखंड. आतल्या थरांमध्ये तुकडे जोडलेले असू शकतात, मध्ये फट राहिलेली असू शकते, एक तुकडा दुसऱ्यावर चढलेला असू शकतो. हे सगळं फक्त कडेला दिसतं. आणि पुष्कळ शीटच्या कडांना कारखान्यातच रंग मारलेला असतो. म्हणजे अख्ख्या शीटमध्ये खरं बोलणारी जागा जेमतेम पाऊण इंच रुंद, आणि नेमकं तिचंच तोंड रंगवलेलं.

माझा एक मित्र म्हणाला, "मग तू रंगवूच नकोस ना. रॉ ठेव. ऑनेस्ट वाटतं." सध्या या ऑनेस्ट दिसण्याची चलती आहे. कॅफेत भिंतीचं प्लास्टर मुद्दाम खरवडून विटा उघड्या केलेल्या असतात, छताखालून वायरींचे पाइप मोकळे धावत असतात, टेबलाच्या कडेला प्लायचे पट्टे दिसतात. (ते पट्टे इतके सुंदर दिसतात ते बहुतेक बर्चचं प्लाय असतं म्हणून. आपल्या बाजारातलं कमर्शियल कापून पाहा. कडेला शिळ्या खारीचा तुकडा मोडल्यासारखं दिसतं.) झाकणं म्हणजे लपवणं, लपवणं म्हणजे खोटं, अशी ती साखळी आहे. ऐकायला बरी वाटते. पण मला ती पटत नव्हती आणि का पटत नाही हे चटकन सांगताही येत नव्हतं. फळ्यांना पॉलिश पेपर मारायला तीन शनिवार-रविवार गेले, तेवढा वेळ या प्रश्नाला मिळाला.

प्रश्न जुना आहे. जॉन रस्किन, म्हणजे ज्याच्या 'अन्टू धिस लास्ट'ने गांधीजींना हलवलं तोच, त्याचं १८४९ सालचं 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' नावाचं पुस्तक आहे. त्यातला एक दिवा सत्याचा. लाकूड रंगवून त्याला संगमरवराचं रूप देणं, विटांवर गिलावा करून त्यावर दगडाच्या सांध्यांच्या रेषा ओढणं, याला तो सरळ खोटेपणा म्हणतो. वाचताना वाटतं की हा माणूस रंगाचा डबाच फेकून देईल. पण नाही. साध्या सफेदीला तो माफ करतो, कारण सफेदी आपण सफेदी असल्याखेरीज कसलाच दावा करत नाही. खाली काय आहे याबद्दल ती काही बोलतच नाही. आणि सोन्याच्या वर्खाबद्दल तर तो गमतीदार भेद करतो: इमारतीवर वर्ख चालेल, कारण घुमट आतून सोन्याचा असेल असं कुणी समजत नाही, दागिन्यावर चालणार नाही, कारण तिथे बघणारा ते सोनंच धरून चालतो. तोच वर्ख. फरक बघणाऱ्याच्या समजुतीत.

रस्किनला हे समजवायला पानंच्या पानं लागली. मराठीत त्यासाठी दोन शब्द आधीपासून आहेत. कल्हई आणि मुलामा.

कल्हई आता फार जणांनी पाहिलेली नसेल. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते, म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात. कल्हईवाला भात्याने निखारे फुलवायचा, भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, धूर निघायचा आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात सगळं भांडं आतून चंदेरी करायचा. हेच कथील 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' या म्हणीत चेष्टेचा विषय आहे. हातातल्या वाळ्यात ते हास्यास्पद, भांड्यात त्याच्यावाचून अडतं. कल्हई आतून असते, जिथे अन्न लागतं तिथे. भांडं पितळेचं आहे हे ती बाहेरून लपवत नाही. ती उडते हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ती पुन्हा करून घ्यायची असते. मुलामा बाहेरून असतो, बघणाऱ्यासाठी असतो, आणि उडाला की माणसाला तोंड लपवावं लागतं.

म्हणजे थर देणं हा गुन्हा नाही. त्या थराकडे बघून समोरचा माणूस काय समजणार, आणि त्या समजुतीवर विसंबून काय करणार, इथे गुन्ह्याची शक्यता सुरू होते. सागाच्या रेषा छापलेली सनमायका मला म्हणूनच गुन्हेगार वाटत नाही. रस्किनला ती बघवली नसती, पण त्याच्याच वर्खाच्या न्यायाने ती सुटते: पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिला साग समजणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ती सागाच्या चित्राइतकी खरी आहे. मला आवडत नाही, हा मुद्दा वेगळा.

आता लाल प्लायचं बघा. दुकानात गेलात की लालसर चेहऱ्याच्या शीट पुढे करतात. लाल म्हणजे गर्जन, गर्जन म्हणजे जड, चिवट, भारी, असं गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. मी ज्या दुकानात गेलो तिथला म्हातारा मालक स्वतःच म्हणाला, "लाल बघून घेऊ नका. रंगवलेलं पण लालच दिसतं." फिकट लाकडाच्या पापुद्र्याला लाल रंग देऊन वर चिकटवायचा, की झालं. हा मुलामा. सनमायकेतल्या सागापेक्षा तो दिसायला कितीतरी साधा आहे, पण सनमायका बघून कुणी लाकडाचा भाव ठरवत नाही आणि लाल बघून ठरवतात.

आणि तो काय लपवतो हे कळल्यावर मला हसावं की चिडावं कळेना. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात एक आदेश दिला. ईशान्येकडच्या सात राज्यांतून बाहेर जाणारं लाकूड थांबवलं आणि अरुणाचलच्या तिराप-चांगलांग भागातल्या व आसपासच्या आरागिरण्या आणि प्लायचे कारखाने बंद करायला लावले. तोवर देशातलं पुष्कळसं प्लाय तिथल्या जंगलातून यायचं. मग धंदा सरकला. हरियाणातलं यमुनानगर या धंद्याचं मोठं केंद्र झालं. तिथे येणारं लाकूड पॉपलर आणि निलगिरीचं, शेतकऱ्यांनी बांधावर नाहीतर उसा-गव्हाच्या सोबतीने लावलेलं, सहा-सात वर्षांत तोडणीला येणारं. केरळात पेरुम्बावूरला रबराची झाडं चीक देऊन थकली की त्यांचं प्लाय होतं. म्हणजे माझ्या शेल्फच्या आतलं पांढरट, हलकं, दुकानदार ज्याबद्दल बोलायला टाळतो ते लाकूड एखाद्या शेतकऱ्याने लावून वाढवलेलं आहे. त्यासाठी कुठलं जंगल पडलेलं नाही. आणि त्याच्या तोंडाला लाली फासून त्याला जंगलातल्या झाडासारखं दाखवलं जातं, कारण गिऱ्हाइकाला जंगल कापल्यासारखं दिसणारं प्लाय हवं असतं! 'वरून कीर्तन, आतून तमाशा' ही म्हण तमाशावर अन्याय करते असं मला नेहमी वाटत आलंय. इथे तर उलटंच आहे. आतला माणूस सरळ, आणि त्याला वरून दरोडेखोराच्या मिशा चिकटवलेल्या.

खोटेपणा म्हटलं की आतलं वाईट आणि वरचं चांगलं असं आपण गृहीत धरतो. पण पुष्कळ मुलामा निव्वळ लाजेपोटी चढवलेला असतो, आणि लाज जिची वाटते ती गोष्ट मुळात लाजिरवाणी असतेच असं नाही.

मी पोटासाठी कोड लिहितो. आमच्या कामात झाकणं हा दोष नाही, गुण आहे. फंक्शनच्या आत काय चाललंय हे वापरणाऱ्याला कळू नये, अशीच रचना करायला शिकवतात. त्याने फक्त नाव वाचावं, वचन समजून घ्यावं आणि पुढे जावं. प्रत्येकाने प्रत्येकाच्या आत डोकावत बसायचं ठरवलं तर एकही ॲप उभं राहणार नाही. पण 'सेव्ह' नावाचं फंक्शन जर डेटा डिस्कवर जाण्याआधीच "झालं" असं कळवत असेल, तर आतला कोड कितीही देखणा असला तरी तो मुलामा आहे, कारण त्या "झालं"वर विसंबून कुणीतरी लॅपटॉप बंद करणार असतो. उलट आत अगदी गबाळा कोड असेल आणि "झालं" खरं असेल, तर माझी हरकत नाही. आयएस ३०३ हा शिक्का असंच एक वचन आहे. प्लायचा आतला थर मला दिसत नाही आणि दिसायची गरजही नाही, जोवर शिक्का खरा आहे.

तर रंगाकडे येतो. प्लाय रंगवणं वाटतं त्यापेक्षा कटकटीचं आहे. भिंतीसारखं सरसकट रोलर फिरवून जमत नाही. कडा स्पंजसारखा रंग पितात. पहिला प्रायमर तिथे दिसेनासा होतो. कडांच्या फटींत लांबी भरायची, वाळू द्यायची, घासायची, पुन्हा प्रायमर, पुन्हा घासायचं, मग ऑइल पेंटचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. चकचकीत रंग खालचा प्रत्येक खळगा दाखवतो, मॅट थोडा सांभाळून घेतो. रंग हाताला वाळल्यासारखा लागला तरी आत तो बरेच दिवस मऊ असतो. घाई करून पुस्तकं लावली तर ती फळीला चिकटतात आणि ओढून काढताना पुठ्ठ्यावरचा कागद तिथेच राहतो. तीन-चार आठवडे रिकामं शेल्फ बघत बसण्याची तयारी ठेवावी.

सांगाडा मी सुतारकाकांकडून करून घेतला आणि रंग स्वतः दिला. काकांनी शेल्फ उभं करण्याआधी मी मागची बाजू रंगवायला घेतलेली बघून विचारलं, "ती भिंतीला जाणार. तिला कोण बघतंय?"

या प्रश्नाचं एक प्रसिद्ध उत्तर सगळ्या सॉफ्टवेअरवाल्यांना पाठ असतं. स्टीव्ह जॉब्ज १९८५ सालच्या एका मुलाखतीत म्हणाला होता की, चांगला सुतार देखण्या कपाटाच्या पाठीला प्लाय लावणार नाही. भिंतीकडची ती बाजू कुणाला दिसणार नसली तरी ती तिथे आहे हे त्याचं त्याला माहीत असतं. हे वाक्य आमच्याकडे पोस्टरवर लावतात. मला ते दोन कारणांसाठी खटकतं. एक तर पाठीला प्लाय लावणं हेच शहाणपणाचं आहे. भरीव लाकडाची रुंद फळी पावसाळ्यात आडवी फुगते, उन्हाळ्यात आटते. तिला घट्ट खिळवलं तर चिरते. ६ मिमीचं प्लाय थर आडवे-उभे असल्यामुळे जागेवर राहतं आणि सगळ्या सांगाड्याला तिरकं होऊ देत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी मॉस्किटो नावाचं लढाऊ विमान प्लाय आणि बाल्सा लाकडाचं बनवलं आणि ते उत्तम उडलं. कपाटाच्या पाठीला ते कमी पडावं, असं काही नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. "माझं मला माहीत असतं" यात सगळा भर 'माझं'वर आहे. मागची बाजू नीट करायची ती स्वतःच्या नजरेत मोठं राहण्यासाठी. ही सचोटी आहे खरी, पण ती आरशासमोरची सचोटी आहे.

काकांना मी जे उत्तर दिलं ते साधं होतं. एकाच बाजूला रंग दिला तर उघडी बाजू पावसाळ्यात ओल घेते आणि फुगते, रंगवलेली बाजू तेवढी फुगत नाही, आणि फळीला पोक येण्याचा धोका राहतो. घट्ट बसवलेल्या फळीत ते कमी जाणवतं, दारांमध्ये ताबडतोब. "म्हणून तर दाराला आतून पातळ सनमायका मारतो आपण," काका म्हणाले, म्हणजे त्यांना माझ्याआधी वीस वर्षं हे माहीत होतं. फक्त गिऱ्हाईक मागच्या बाजूचे पैसे देत नाही, म्हणून ते विचारायचं सोडून दिलेलं. मला त्या मागच्या बाजूचं आवडलं ते हेच. तिथे कुणाच्या सद्गुणाचा प्रश्नच येत नाही. न दिसणाऱ्या बाजूची हेळसांड केली की दिसणारी बाजू वाकते. पोटात विषम थर घेऊन जन्मलेल्या शीटला दोन्हीकडून सारखं वागवलं तरच ती सरळ राहते.

मागची बाजू आणखी एका ठिकाणी आडवी आली. माझ्या बहिणीने तिच्या मुलीच्या खोलीत असंच शेल्फ करायला घेतलं. एमआर प्लायमध्ये सहसा युरिया फॉर्मल्डिहाइडचा ग्लू असतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड हवेत सुटत राहतो. नव्या फर्निचरचा डोळे चुरचुरवणारा वास असतो त्यात त्याचा वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली. कमी उत्सर्जनाचं प्लाय मिळतं, ई-झिरो किंवा ई-वन असं लिहिलेलं. लहान मुलाच्या खोलीसाठी तेच घ्यावं. पण घेतलेल्या प्लायचं उत्सर्जनही सगळ्या बाजू आणि सगळ्या कडा बंद केल्या तर बरंच कमी होतं. सगळ्या म्हणजे सगळ्या. पुढून चकाचक आणि मागून उघडं असलेलं शेल्फ त्या उघड्या बाजूने खोलीतच श्वास सोडतं. रॉ आणि ऑनेस्टवाल्या मित्राला मी हे सांगितलं. तीन वर्षांच्या मुलीच्या खोलीत उघड्या कडा ठेवणं म्हणजे पितळेच्या पातेल्यात ताक ठेवून पितळेच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करण्यासारखं आहे.

काकांचा विषय निघालाच आहे तर कमिशनबद्दलही बोलायला हवं, कारण प्लायच्या व्यवहारातला सगळ्यात जाड मुलामा तोच आहे. सुताराने गिऱ्हाईक आणलं की दुकानदार शीटमागे त्याला काही देतो. सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. त्यामुळे सुतार सुचवतो ते प्लाय तुमच्या कामाला चांगलं आहे की त्याच्या पाकिटाला, हे कळायला मार्ग नसतो. मी काकांना सरळ विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "साहेब, मजुरी सांगितली की तुम्ही लोक निम्म्यावर आणता. दुकानदार घासाघीस करत नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. मजुरीचा आकडा लहान दिसावा हा आग्रह गिऱ्हाइकाचा. मग उरलेली मजुरी दुसऱ्या खिशातून, दुसऱ्या नावाने येते. सुताराने मुलामा चढवला हे खरं, पण त्याच्याकडे मुलाम्याची ऑर्डर आपणच दिलेली असते. मी मजुरीत तेवढी रक्कम वाढवून दिली आणि दुकानात स्वतः गेलो. दुकानदाराने त्यांना त्यांचं पाकीट तरीही दिलं असणार, असा माझा अंदाज आहे. विचारायला गेलो नाही.

शेवटी एक अवघड प्रकरण, ज्यात माझा कल्हई-मुलाम्याचा न्याय नीट बसत नाही. दोन वर्षांनी मी घर बदललं. नव्या घरात भिंतीतच कपाटं होती, म्हणून शेल्फ जुन्या वस्तूंच्या ॲपवर टाकलं. एक मुलगी बघायला आली. नुकतीच नोकरीला लागलेली, सोबत टेप घेऊन आलेली. तिने लांबी मोजली, फळी दाबून पाहिली, भाव उतरवायला सांगितला. बोलता बोलता म्हणाली, "बाल्कनीत ठेवणार आहे. झाडांच्या कुंड्या."

तिने वॉटरप्रूफ आहे का, हे विचारलं नाही. पांढरा रंग दोन वर्षांनीही छान दिसत होता. रस्किनच्या न्यायाने माझा रंग निर्दोष होता. सफेदीसारखाच त्याने खाली काय आहे याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मी शिक्का खोडला नव्हता, लाली फासली नव्हती, खोटं बोललो नव्हतो. जुनी वस्तू जशी आहे तशी विकायची, बघून घेणं हे घेणाऱ्याचं काम, हा बाजाराचा रिवाज. माझ्या मित्राच्या मते हे प्रकरण अवघड नाहीच, गप्प बसायचं.

पण शेल्फ करताना तो रंग खोलीतल्या पुस्तकांसाठी होता. त्या मुलीने बाल्कनी हा शब्द उच्चारला आणि त्याच क्षणी त्याच रंगाचा अर्थ बदलला. माझा हात न लागता कल्हईचा मुलामा झाला. थर देणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, एवढ्यावर भागत असेल तर मी सुटलो होतो. समोरचा माणूस त्या थराला काय समजतोय हे धरायचं असेल, तर जोवर तिचा समज मला ठाऊक नव्हता तोवर मी मोकळा होतो आणि ठाऊक झाल्यावर नव्हतो. म्हणजे जबाबदारी रंगात नाही, लाकडातही नाही, ती ऐकण्यात आहे. आणि ही गोष्ट मला अजूनही थोडी अन्यायाची वाटते, कारण यात कानात हेडफोन घालून वस्तू विकणारा माणूस सगळ्यात निर्दोष ठरतो.

मी तिला सांगितलं, की हे एमआर आहे, पावसाची झड लागली तर फुगेल. तिने विचारलं, "मग मागूनसुद्धा का रंगवलंय?" मी ओल आणि पोक समजावायला लागलो, तोवर तिने फोनवर टेम्पोवाल्याशी बोलणं सुरू केलं होतं. पाचशे रुपये कमी करून तिने ते घेतलं. बाल्कनीतच ठेवणार, वर प्लॅस्टिक बांधणार, म्हणाली. तिचं घर, तिची बाल्कनी.

गेल्या ऑगस्टमध्ये तिचा मेसेज आला. खालची फळी गेली, बाकीच्या ठीक आहेत, तेवढी एकच बदलून मिळेल का. मी काकांचा नंबर पाठवला. सोबत तिने फोटो जोडला होता. फळीची पुढची कड फुलून उघडली होती, रंगाचा पापुद्रा एका बाजूला लोंबत होता आणि आतले थर स्पष्ट दिसत होते, पांढरट, एकाआड एक आडवे-उभे. मी फोटो मोठा करून ते मोजले. अकरा होते.